बीप, बीप आणि विद्युन्माला

मुलगा नववीत गेला आणि त्याच्या दप्तरातून शेक्सपिअर घरात आला. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर 'रोमिओ अँड ज्युलिएट' उघडायचं, दोन पानं कशीबशी व्हायची आणि मग कपाळावर आठ्या. "ही माणसं सरळ का बोलत नाहीत?" हा त्याचा रोजचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मराठी शाळेत शिकले. शेक्सपिअर मला भेटला तो रूपांतरांमधून, म्हणजे देवलांच्या झुंझाररावातून आणि शिरवाडकरांच्या राजमुकुटातून. मूळ इंग्रजी ओळी मोठ्याने वाचायची वेळ माझ्यावरही कधी आली नव्हती.

आम्ही हिल्सबरोला राहतो, पोर्टलंडच्या पश्चिमेला. नोव्हेंबर होता. इथला पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता झिरपत राहतो. त्या पावसात बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांचं सगळं आयुष्य हायस्कुलात मराठी शिकवण्यात गेलं. व्याकरण आणि वृत्तं हा त्यांचा जीव. फिरायला बाहेर पडता येईना, म्हणून ते दिवसभर खिडकीशी बसून असत आणि संध्याकाळी नातवाची कुरकुर ऐकत.

एका शनिवारी पोर्टलंडच्या पॉवेल्स या पुस्तकांच्या दुकानात मला एक पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर 'स्टार वॉर्स'चा खलनायक डार्थ व्हेडर, पण त्याच्या गळ्याभोवती एलिझाबेथच्या काळातली चुण्यांची झालर. शेक्सपिअरने 'स्टार वॉर्स' लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं, हे त्या पुस्तकाचं सूत्र. लेखक इयन डोशर, पोर्टलंडचाच माणूस. २०१३ साली पहिलं पुस्तक आलं, ते चाललं, आणि मग बाकीच्या चित्रपटांचीही अशीच नाटकं झाली. १९७७ सालचा तो पहिला चित्रपट पाच अंकांत, निर्यमक पद्यात, स्वगतांसह आणि सूत्रधारासह. मुलाने स्टार वॉर्सची पारायणं केलेली आहेत. मी पुस्तक घेतलं.

त्या रात्री जे झालं त्यावर मी गेली काही वर्षं विचार करते आहे. हाच मुलगा, ज्याला रोमिओचं एक पान सरत नव्हतं, तो व्हेडरच्या ओळी उभं राहून वाचत होता. भाषा तीच होती. तेच जुने शब्द, तीच उलटसुलट वाक्यरचना. पण तो अडखळत नव्हता, कारण पुढे काय होणार हे त्याला पाठ होतं. राजकन्या पकडली जाणार, यंत्रमानव वाळवंटात उतरणार, म्हातारा गुरू मरणार. "काय झालं?" हा प्रश्नच उरला नव्हता. त्यामुळे त्याचं सगळं लक्ष "कसं सांगितलं?" याकडे मोकळं झालं होतं.

बाबा खिडकीशी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "हे तर आख्यान आहे."

आणि खरंच. कीर्तनाला जाणाऱ्या कुणाला सीतेचं पुढे काय होतं हे कळून घ्यायचं नसतं. उत्तररंगात बुवा रुक्मिणीस्वयंवर लावतात तेव्हा रुक्मिणी कुणाला वरणार हे मंडपातल्या लहान पोरालाही माहीत असतं. माणसं जातात ती या बुवांच्या तोंडून ते कसं येतं हे ऐकायला. मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं मानतात. एकच कथा एका माणसाने पुन्हा पुन्हा का सांगावी? सांगण्याच्या रीती संपत नाहीत म्हणून. त्यांचं एक निरोष्ठ रामायण आहे, ज्यात ओठ ओठाला लागणारं अक्षर येऊ द्यायचं नाही. प, फ, ब, भ, म सगळे बाद. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि 'राम' म्हणायचं नाही! बाबांनी हे सांगितलं तेव्हा मुलगा ओठ फाकवून बसला आणि काय काय बोलता येतं ते बराच वेळ करून बघत राहिला.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. एखाद्या लेखकाच्या शैलीची नक्कल करायची तर गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची हवी. नवी गोष्ट आणि परकी शैली दोन्ही एकदम आली की वाचक गोष्टीमागे धावतो आणि शैली हातातून निसटते. आपल्याकडे ती ओळखीची गोष्ट पुराणांनी दिली. अमेरिकेत घराघरात सगळ्यांना ठाऊक असलेली अशी गोष्ट शोधायला गेलात तर ती तुम्हाला अंतराळयानात सापडते. त्या चित्रपटाची सुरुवातच बघा ना, फार फार पूर्वी, दूरच्या एका आकाशगंगेत. आपलं 'आटपाट नगर होतं' याहून वेगळं काय आहे? आणि अशा जागेचा एक मोठा फायदा असतो. तिथली माणसं कोणत्या बोलीत बोलतात हे कुणीच ठरवलेलं नसतं. शिकागोतल्या पोलिसाच्या तोंडी चारशे वर्षांपूर्वीची भाषा घातली तर कानाला खटकेल. दोन सूर्यांच्या ग्रहावर ती सहज रुजते.

पुढचे काही आठवडे आमचं रोजचं वाचन सुरू झालं. मुलाला शाळेत पंचपदी ओळ शिकवली होती, दहा अक्षरं, एक आड एक जोर. त्याने वहीत ओळ लिहून अक्षरांवर खुणा केल्या आणि बाबा खुर्चीतून उठून टेबलापाशी आले. कारण त्या खुणा त्यांच्या होत्या. अर्धचंद्र आणि आडवी रेघ. उभी हयात फळ्यावर त्यांनी त्याच खुणा काढल्या होत्या, लघु आणि गुरू.

"लगा लगा लगा लगा लगा," बाबा म्हणाले. "हे प्रमाणिकेपेक्षा दोन अक्षरांनी जास्त आणि पंचचामरापेक्षा सहा अक्षरांनी कमी." प्रमाणिका आठ अक्षरांची, लगा म्हणजे लघु-गुरू ही जोडी चार वेळा. पंचचामर सोळा अक्षरांचं, लगा आठ वेळा. आणि मग त्यांनी शिवतांडव स्तोत्र म्हटलं. तेही पंचचामरातच आहे. बोटांनी टेबलावर ताल धरून, पहिल्या श्लोकापासून. मुलाने तोंड उघडं ठेवून ऐकलं. रावणाच्या तोंडचं ते स्तोत्र आणि व्हेडरची स्वगतं एकाच पावलांनी चालतात हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या पायानेच ठेका धरला होता.

मग बाबांनी इंग्रजी ओळींवर स्वतः खुणा करायला घेतल्या आणि चुकायला लागले. जिथे स्वर लांब तिथे ते गुरू धरत. मुलगा म्हणाला, "आजोबा, लांबी नाही बघायची. जोर बघायचा." आणि त्याने जे उदाहरण दिलं ते मी विसरणार नाही. म्हणाला, इंग्रजीत एकच शब्द आहे, पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'रेबल', म्हणजे बंडखोर. दुसऱ्यावर दिला तर 'रिबेल', म्हणजे बंड करणं. स्पेलिंग तेच. जोर सरकला की नामाचं क्रियापद होतं. बाबांनी ते लिहून घेतलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नातवाकडून, पेन्सिलीने.

या पुस्तकातला आर-टू नावाचा बुटका यंत्रमानव चित्रपटात फक्त शिट्या मारतो. डोशरने त्याच्या त्या बीप-बीपसुद्धा पद्याच्या मापात बसवल्या आहेत. बाबांनी लगेच आक्षेप घेतला. 'बीप' हा आमच्या हिशेबाने सरळ गुरू. बीप बीप बीप बीप म्हणजे एकही लघु नाही, मग लगा कुठून येणार? सगळेच गुरू असलेलं वृत्त आपल्याकडे आहे, आठ अक्षरांचं. त्याचं नाव विद्युन्माला. विजांची माळ! विजेवर चालणाऱ्या यंत्राने बोलायचं तर याहून योग्य वृत्त कुठलं असणार? मुलगा त्या दिवशी घरभर आठ-आठ बीप करत हिंडत होता आणि बाबा मधूनच "चरण पुरा कर" असं ओरडत होते.

पण आर-टूचं खरं सौंदर्य वेगळंच आहे. इतरांशी तो बीपमध्ये बोलतो. एकटा पडला की प्रेक्षकांकडे वळून स्वच्छ भाषेत स्वगत म्हणतो. म्हणजे त्याला सगळं कळतं, तो फक्त दाखवत नाही. शेक्सपिअरच्या नाटकातला विदूषक राजापेक्षा शहाणा असतो आणि ते प्रेक्षकांनाच माहीत असतं. डोशरने त्या विदूषकाची जागा या यंत्राला दिली. चित्रपट कितीही वेळा पाहिला तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्याच्या शैलीतून बघितल्यावर ते दिसलं.

सगळंच मला पटलं असं नाही. दुसऱ्या भागात बोबा फेट हा भाडोत्री शिकारी गद्यात बोलतो, कारण शेक्सपिअरकडे थोरामोठ्यांना पद्य आणि हलक्या पात्रांना बहुधा गद्य अशी वाटणी आहे. बाबांनी कालिदासाची आठवण काढली. शाकुंतलात दुष्यंत संस्कृत बोलतो, शकुंतला शौरसेनी, अंगठी सापडलेला कोळी मागधी. आणि गाणं आलं की महाराष्ट्री प्राकृत. ("गाण्यासाठी आपली भाषा लागायची," हे बाबांनी फार अभिमानाने सांगितलं.) तरीही पद्य वरच्यांचं आणि गद्य खालच्यांचं ही वाटणी मराठी कानाला मान्य होत नाही. ज्या भाषेत जात्यावर बसलेल्या बाया हजारो ओव्या रचून गेल्या, तिथे पद्य कुणाच्या मालकीचं कसं असेल?

सर्वांत अवघड जागा योडाची. चित्रपटात सगळे सरळ इंग्रजी बोलतात आणि हा म्हातारा गुरू वाक्य उलटं करून बोलतो. ती उलटी रचना हीच त्याची ओळख. पण शेक्सपिअरच्या ढंगात सगळेच वाक्यं उलटी करतात! मग योडा वेगळा कसा उठून दिसावा? डोशरने काय केलं असेल, असं मी बाबांना विचारलं. ते दोन दिवस विचार करत होते. डोशरचं उत्तर असं की योडा हायकूत बोलतो. पाच, सात, पाच. दहा-दहा अक्षरांच्या लांबलचक ओघात मधेच हे छोटे, पुरे, शांत तुकडे. नक्कल करणाऱ्याची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते, आणि मला वाटतं डोशर तिथे उत्तम उतरला आहे. त्याने योडाची लकब टाकून दिली आणि योडाचा स्वभाव राखला.

बाबांना आनंद झाला तो आणखी एका कारणाने. मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी. त्या आचार्य अत्र्यांच्या कन्या. आणि अत्रे, 'केशवकुमार' या नावाने, मराठी विडंबनाचे महागुरू. 'झेंडूची फुले' बाबा वर्गात अख्खं म्हणून दाखवायचे. एकाच घरात वडिलांनी दुसऱ्यांचे आवाज अचूक उचलले आणि मुलीने तीन ओळींत स्वतःचा आवाज शोधला.

अत्र्यांवरून बाबांनी मला जे सांगितलं ते मी इथे तसंच देते. ते म्हणाले, "केशवसुतांचं विडंबन करायला केशवसुत पाठ असावे लागतात. ज्याला कवी आवडत नाही तो फार तर टिंगल करील." मला हे शब्दशः खरं वाटतं. शेक्सपिअरची नक्कल म्हणून चार जुनी सर्वनामं आणि दोन 'हाय रे दैवा' पेरले की झालं असं समजणारे पुष्कळ असतात. ते झालं वेशांतर. गडकऱ्यांच्या नाटकाची नक्कल म्हणून नुसती लांब वाक्यं लिहिली तर गडकरी येत नाहीत. त्या वाक्यात एक कल्पना दुसरीच्या खांद्यावर चढत कशी जाते, श्वास कुठे संपतो आणि तरी नट का थांबत नाही, हे अंगात भिनावं लागतं. दुसऱ्याचा श्वास घेता येईपर्यंत ऐकणं, हा वाचनाचा याहून जवळचा प्रकार मला ठाऊक नाही.

आणि तो श्वास नुसता येत नाही, बरोबर काहीतरी घेऊन येतो. मृत्युतारा या शत्रूच्या अंतराळतळावर नायक ल्यूक आणि त्याचे मित्र तिथल्या सैनिकांचे पोशाख चढवतात तो प्रसंग आठवा. चित्रपटात ते पांढऱ्या चिलखतातले सैनिक पटापट पडतात. त्यांना चेहरा नाही, नाव नाही, कुणी त्यांच्यासाठी थांबत नाही. डोशरच्या नाटकात ल्यूक त्यातल्या एकाचं शिरस्त्राण हातात धरतो आणि बोलतो. हॅम्लेट ज्या रीतीने योरिकची कवटी हातात धरून बोलतो, त्याच रीतीने. तू कोण होतास? तुला बायको, मुलं होती का? तुझा पोशाखही मी घेतला आणि प्राणही.

वाचताना मुलगा हसला, कारण त्याला हॅम्लेटची ती प्रसिद्ध मुद्रा एवढी माहीत होती. मग हसू ओसरलं. बाबांनी त्याला ते स्वगत पुन्हा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदाही. मग म्हणाले, "आता याच्या आधी किती मेले ते मोज." ते मोजता येण्यासारखे नव्हते.

हे मूळ गोष्टीत नव्हतं. शैलीने आणलं. स्वगत या प्रकाराची एक मागणी असते, कुणीतरी थांबून विचार करावा लागतो. शेक्सपिअरचा साचा घेतलात की मेलेल्या माणसापाशी थांबणं आलंच. मग मी विचार करायला लागले की आपला एखादा साचा या गोष्टीला लावला तर तो काय आणील?

सूत्रधार आणि नांदी घेऊन संगीत नाटक करून बघितलं. व्हेडरला पद सुचेना. आर्येत अंतराळयुद्ध बसवायचा बाबांनी प्रयत्न केला, मात्रा जुळल्या पण त्यांनाच आवडलं नाही, कागद फाडला. मग एका रात्री भांडी आवरताना मला बेरूकाकू आठवली. ल्यूकला वाढवणारी. चित्रपटात तिला मोजकी वाक्यं आहेत. ती पोराला निळं दूध देते, नवऱ्याला समजावते की हा मुलगा शेतात राहणारा नाही, आणि मग घरासकट जळून जाते. वाळवंटातलं घर. हवेतला ओलावा यंत्रांनी गोळा करून त्यावर शेती. बाबांचं मूळ गाव जत तालुक्यातलं. पाण्याचा टँकर आला की घागरी घेऊन धावणाऱ्या बायका मी लहानपणी सुट्टीत बघितल्या आहेत, माझी आजी त्यांतली एक. आणि आजी जात्यावर ओव्या म्हणायची. लेक सासरी, भाऊ मुलखावेगळा, पाऊस नाही, सगळं त्यात यायचं.

बेरूकाकूला ओवी हवी होती. तिच्या तोंडात इतकी वर्षं कुणी काही घातलंच नव्हतं.

पहिली ओवी मी केली, बाबांनी 'रानात' खोडून 'रानामंदी' केलं:

वाळूच्या रानामंदी, थेंब थेंब पाणी गोळा
माझ्या गं बाळाचा, आभाळाकडं डोळा

मुलाला मी अर्थ सांगितला. त्याला आवडली, पण तो म्हणाला, "तिथे सूर्य दोन आहेत ते कुठे आलं?" आणि थोड्या वेळाने, "दोन सूर्य असतील तर सावल्या पण दोन पडतील ना, आजोबा?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. आभाळाकडे बघत उभा असलेला ल्यूक हे त्या चित्रपटातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं दृश्य. ते आम्ही तिघांनीही किती वेळा पाहिलं होतं. मागून त्याला बघणारी बाई मात्र आमच्या मनात कधी आली नव्हती. तिला त्याच्या दोन सावल्या दिसत असणार. एक घरात पडलेली, एक जरा तिरकी. बाबा स्वतःशी चाल गुणगुणत राहिले, आजीचीच चाल, आणि रात्री साडेअकराला त्यांनी मला उठवून ऐकवली:

सांजच्या उन्हाला गं, सावल्या दोन दोन
बाळ उभं उंबऱ्यात, त्याला बोलावतं कोण

मार्चमध्ये बाबा परत गेले. दर रविवारी सकाळी फोन येतो. तिसरी ओवी अजून झालेली नाही. घर जळण्याची ती ओवी, आणि ते तिच्याच तोंडून कसं सांगायचं यावर त्यांचं माझ्याशी एकमत होत नाही. ते म्हणतात की जळणं सांगायचं नाही, दुधाचं भांडं सांगायचं. मी अजून ठरवलेलं नाही.

मुलाला 'डोळा' म्हणता येत नाही, 'डोला' होतं. फोन स्पीकरवर ठेवून बाबा त्याच्याकडून घोटून घेतात. जीभ वर वळव, टाळूला लावून सोड. गोळा. डोळा. बाळ. आभाळ. तो म्हणतो, पुन्हा चुकतो, पुन्हा म्हणतो, आणि सांगलीहून चरणाच्या शेवटी टेबलावर बोट वाजल्याचा आवाज येतो.